वकिलीतून साखरेकडे : चंद्रशेखर आगाशे

मोहगावचा शेतकरी संत्र्याची बाग निगुतीने राखतो. पण फळ झाडावरून उतरले की त्याचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. सौसर-पांढुर्ण्याच्या या मुलखात वकिली करताना मला नेहमी वाटते, शेतमाल पिकविणारे आपल्याकडे पुष्कळ, त्याचा उद्योग उभारणारे इतके थोडे का? याचे उत्तर शोधताना माझ्याच व्यवसायातील एका गृहस्थांचे चरित्र मला उपयोगी पडले.

चंद्रशेखर गोविंद आगाशे यांचा जन्म 1888 साली भोर संस्थानात झाला. आधी शिक्षकी, मग वकिली, आणि 1932 ते 1934 या काळात संस्थानच्या कायदेमंडळाचे अध्यक्षपद, असा त्यांचा क्रम होता. एवढ्या मानाच्या जागेनंतर माणूस सहसा स्वस्थ बसतो. आगाशे यांनी मात्र 1934 साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ‘बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट’ ही मर्यादित कंपनी स्थापन केली आणि 1956 मध्ये निधन होईपर्यंत व्यवस्थापकीय संचालक या नात्याने तिची धुरा वाहिली.

ही वेळ त्यांनी अचूक हेरली होती. 1932 च्या साखरसंरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर हंड्रेडवेटमागे 7 रुपये 4 आणे संरक्षक जकात बसविली. 1931-32 मध्ये देशात जेमतेम तीसेक कारखाने होते; पाच वर्षांत ते 130 च्या वर गेले. परंतु सरकारचा हात देताना सैल असतो तसा घेतानाही लांब असतो. 1934 सालीच देशी साखरेवर अबकारी कर आला आणि उसाची किमान किंमत ठरविण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. म्हणजे कंपनी जन्मली ती कायद्याची ऊब आणि त्याचा चटका दोन्ही सोसत. अशा वेळी कायदा वाचता येणारा चालक असणे हे मोठेच भांडवल होय.

दुसरे भांडवल पाण्याचे. भोरजवळील भाटघरचे नवे धरण 1928 च्या सुमारास पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने ते पाणी माळशिरसच्या कोरड्या माळावर पोचले. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. म्हणून कारखान्यालाच उसाच्या दारी जावे लागते. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये याच भागात, माळीनगरला, आपला कारखाना काढला होता. सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. भोरच्या डोंगरात साठलेल्या पाण्यामागोमाग भोरचा वकीलही सोलापूर जिल्ह्यात उतरला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. खासगी कारखान्यांच्या ताब्यातील विस्तीर्ण मळे 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली गेले. तत्पूर्वीच, 1950 मध्ये, प्रवरेच्या सहकारी कारखान्याने पहिला गळीत हंगाम सुरू करून मालकीचा वेगळा मार्ग दाखविला होता. जो कायदा उद्योगाला पाळण्यात घालतो, तोच पुढे त्याचा हिशेबही मागतो. आणि शेतकऱ्याची बाजू पाहता तो मागणे गैर नव्हते.

तरीही आगाशे यांच्या जीवनाचा बोध उरतोच. यंत्र पैशाने मिळते. कायदा, पाणी, पीक आणि लोकांचा पैसा यांची एके ठिकाणी गाठ घालणारा माणूस मिळणे कठीण. कोकणचा आंबा-काजू काय, किंवा आमच्या मोहगावचे संत्रे काय, दोघेही त्याच माणसाची वाट पाहत आहेत. तो एखाद्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला नसेल कशावरून?