कोठी ते रेड हिल्स : वेदनाशमनाची सव्वाशे वर्षे

हैदराबादेतील आबिड्स हे नाव मूळचे एका दुकानाचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांनी येथे दुकान थाटले आणि त्यांचे नाव साऱ्या भागास चिकटले. दर रविवारी येथील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो व तेथे जुने कायदेग्रंथ चाळण्याची आम्हांस सवय आहे. अशाच एका रविवारी गुंगीकारक औषधिद्रव्यांसंबंधीच्या १९८५ च्या अधिनियमाची जीर्ण प्रत आमच्या हाती लागली, आणि मनात आले की, वेदनाशमनाचा इतिहास सांगावयाचा तर तो याच ठिकाणी उभे राहून सांगावा. येथून एका बाजूस कोठीची रेसिडेन्सी, दुसऱ्या बाजूस रेड हिल्सचे कर्करोग रुग्णालय. दोन्ही पायी जाण्याजोगी. परंतु कोठीहून रेड हिल्सला पोहोचावयास वेदनाशमनाच्या विद्येला शतकाहून अधिक काळ लागला.

कोठीच्या रेसिडेन्सीत एडवर्ड लॉरी नावाचे शल्यवैद्य होते. क्लोरोफॉर्म निर्धोक आहे की नाही, या वादाचा निकाल लावण्यासाठी त्यांनी १८८८ व १८८९ साली दोन आयोग घडवून आणले. दुसऱ्या आयोगाचा खर्च निजामांनी उचलला, आणि लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने लॉडर ब्रंटन यांना त्यासाठी हैदराबादेस पाठविले. या कार्यात रूपाबाई फर्दुनजी यांचाही हात होता. त्यांना जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत अग्रमान दिला जातो. आयोगाचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, ही गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेची वेदना माणसाने मुकाट्याने सोसता कामा नये, यासाठी या नगरीने पैसा व बुद्धी वेचली, हे मात्र खरे.

शस्त्राची वेदना घटकाभराची असते. महिनोन्‌महिने हाडांत ठाण मांडून बसणाऱ्या वेदनेचे काय? १९५५ साली रेड हिल्सवर मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. नांदेड-परभणीच्या रोग्यास हे आपल्याच राजधानीतील रुग्णालय होते. तेथे किरणोपचार मिळू लागले. तथापि, रोग हाताबाहेर गेल्यावर उरलेल्या दिवसांची व्यवस्था कोणत्याच रुग्णालयात नसे. "आता घरी न्या," एवढे सांगितले जाई.

या उरलेल्या दिवसांचेही एक वैद्यक असू शकते, हे सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनात सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढून दाखविले. वेदना उसळल्यावर औषध देण्याऐवजी ती उसळण्यापूर्वीच, ठरल्या वेळी, तोंडावाटे मॉर्फिन द्यावे. आणि देहाबरोबर मनाची व कुटुंबाचीही काळजी घ्यावी, ही त्यांची रीत. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनेसाठी औषधांचा पायरीपायरीने वापर सांगितला. मॉर्फिन त्यातील शेवटची पायरी. त्याच वर्षी डॉ. लुईस डिसोझा यांनी मुंबईत वांद्रे येथे 'शांती अवेदना' हे देशातील पहिले शुश्रूषागृह काढले. त्याची शाखा पुढे गोव्यात लोटली येथे झाली, हे आमच्या कोकणी वाचकांस ठाऊक असेलच.

दैवदुर्विलास असा की, आदल्याच वर्षी वर सांगितलेला अधिनियम अमलात आला होता. त्याच्या आठव्या कलमाने वैद्यकीय उपयोगास स्पष्ट मोकळीक दिली आहे. रोग्याचे औषध हिरावण्याचा विधिमंडळाचा हेतू नव्हता. पण परवाने राज्यागणिक निराळे, एका परवान्यास अनेक खात्यांची दारे, आणि गुन्ह्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी! औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील बारा वर्षांत त्याचा वापर शेकडा सत्त्याण्णवने घटून १९९७ साली जेमतेम १८ किलोवर आला. अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या, नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने चालविणाऱ्या देशाची ही कथा!

त्या सुमारास आम्ही कायद्याचे विद्यार्थी होतो. वर्गात याच अधिनियमाची कलमे आम्ही मोठ्या अभिमानाने पाठ करीत असू. घरी नांदेडहून आणलेल्या आमच्या आत्या माजघरात खाटेवर होत्या. औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही अनेक दुकाने हिंडलो. एका दुकानदाराने चिठ्ठी वाचताच ती घाईघाईने परत केली. रात्री आत्या उशीचा बोळा तोंडात धरीत, मुलांची झोप मोडू नये म्हणून. ते कलम आणि ती उशी यांचा संबंध आम्हांस पुष्कळ उशिरा उमगला.

दुरुस्ती झाली, पण सावकाश. १९९३ साली कालिकत येथे डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था काढून, मॉर्फिन गैरवापराविना रोग्याच्या घरी पोहोचविता येते, हे सिद्ध केले. रेड हिल्सच्या रुग्णालयात डॉ. गायत्री पालट यांच्या पुढाकाराने २००६ साली उपशामक उपचारांचा विभाग सुरू झाला. २०११ साली शहरात 'स्पर्श' हे शुश्रूषागृह निघाले. अखेर २०१४ साली संसदेने अधिनियम सुधारला. अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा स्वतंत्र वर्ग झाला, अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त संस्थेची एकच मान्यता आली, आणि औषध उपलब्ध करून देणे हेही शासनाचे कर्तव्य म्हणून चौथ्या कलमात लिहिले गेले. १८८९ पासून मोजल्यास सव्वाशे वर्षे!

कायदा सुधारला म्हणजे काम संपले, असे मात्र कोणी समजू नये. जिल्ह्याच्या गावी मान्यताप्राप्त संस्था नसेल, तर तेथील रोग्यास सुधारलेले कलम व जुने कलम सारखेच. मरणोन्मुख माणूस अर्ज करीत नाही, मोर्चा काढीत नाही, पुढील निवडणुकीपर्यंत थांबतही नाही. त्याच्या वतीने विचारणारे कोणी लागते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन आहे काय, ते देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे काय, एवढे दोन प्रश्न प्रत्येक वाचकाने एकदा विचारावेत. आमच्या आत्यांसाठी ते कोणी विचारले नव्हते, आम्हीही नाही.