वृद्धांची सेवा : एका टोपलीचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालय केव्हां उभें राहिलें, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, ह्याची नोंद अगत्यानें होते. परंतु ज्यांनीं ह्या श्रद्धेचा भार तरुणपणीं खांद्यावर वाहिला व जे आज घराच्या कोपऱ्यांत खाटेवर पडून आहेत, त्यांची नोंद सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून हीं दोन पानें आम्ही त्यांच्यासाठीं लिहीत आहों.

वृद्धांची चिंता ख्रिस्तसभेस नवी नव्हे. रोजच्या वाटपांत कांहीं विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार येतांच प्रेषितांनीं सात सेवक नेमविले. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं मठवासीयांसाठीं नियम लिहिले. त्यांतील ३७ व्या प्रकरणांत वृद्धांस अन्नाची सवलत असून, ठरल्या वेळेच्या आधीं जेवण्याची मुभा आहे.

पुढें फ्रान्स देशांत, ब्रिटनी प्रांतांतील कांकाल गांवीं, २५ ऑक्टोबर १७९२ रोजीं एका कोळ्याच्या घरीं झान झ्युगां हिचा जन्म झाला. बाप समुद्रांत नाहींसा झाला. मुलगी परक्या घरीं चाकरी करून वाढली. १८३९ च्या हिवाळ्यांत तिनें एका आंधळ्या व लुळ्या म्हातारीस आपल्या घरीं आणिलें, स्वतःचा बिछाना तिला दिला व आपण माळ्यावर निजूं लागली. पुढें आणखी म्हाताऱ्या आल्या. त्यांच्यावर भीक मागण्याची पाळी येऊं नये म्हणून झान स्वतःच हातांत टोपली घेऊन दारोदार हिंडली. ह्यांतून ‘गरिबांच्या लहान भगिनी’ हा संघ निर्माण झाला.

परंतु संस्थापिकेच्या वांट्यास विस्मृतीच आली. १८४३ त तिचें प्रमुखपद काढून घेण्यांत आलें. १८५२ त तिला मठांत बोलावून घेतलें, आणि उरलेलीं २७ वर्षें ती तेथें अज्ञात राहिली. सोबतच्या तरुण भगिनींसही, आपल्या संघाची आई हीच, हें ठाऊक नव्हतें. २९ ऑगस्ट १८७९ रोजीं ती प्रभुघरीं गेली व ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप बेनेदिक्त सोळावे यांनीं तिला संतपद दिलें.

ह्या भगिनी १८८२ त कलकत्त्यास आल्या. मुंबईंत अंधेरी येथें त्यांचें वृद्धगृह आहे. जातधर्म न पाहतां निराधारांस तेथें आश्रय मिळतो. अन्नधान्य दानावर येतें. आणि कोणी मरणोन्मुख झाल्यास भगिनी पाळीपाळीनें उशाशीं बसतात, त्यास एकटें मरूं देत नाहींत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यापासून अंधेरी दूर आहे. येथील मुलें पोटासाठीं पुण्यामुंबईस जातात व मागें म्हातारीं माणसें राहतात. २००७ च्या कायद्यानें आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर घातली असून, प्रत्येक जिल्ह्यांत किमान १५० निराधार वृद्धांसाठीं निवासाची तरतूद सांगितली आहे. परंतु कायदा भाकरी देववील, उशाशीं कोणास बसवूं शकणार नाहीं.

आणि ह्यांत आम्हीही निर्दोष नाहीं. पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देऊन आम्ही लगबगीनें पुढच्या घरीं निघत असूं. एकदां एक आजी म्हणाल्या, “फादर, बसा ना घडीभर. देव काई पळून नाई चालला.” त्या दिवशीं आम्ही बसलों, आणि इतकीं वर्षें आपण केवढी घाई केली, हें उमगलें.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या भोजनांत पहिली पंगत वृद्धांची असो. ज्यांस देवालयापर्यंत येववत नाहीं, त्यांचें ताट त्यांच्या घरीं जावो; आणि जो तें घेऊन जाईल, त्यानें ताट ठेवून परत न फिरतां त्यांचें जेवण होईपर्यंत जवळ बसावें.