सकारात्मक विचार म्हणजे सीबीटी नव्हे

पूर्वपक्ष असा मांडला जातो: सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणजे मनात वाईट विचार आला की तो काढून टाकायचा आणि त्या जागी चांगला विचार आणायचा. हे ज्याला जमतं त्याला उपचारांची गरज नाही आणि ज्याला जमत नाही त्याला उपचारांचा उपयोग नाही. व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांतून हे मत पसरलं आहे. काही समुपदेशकही तेच ऐकवतात. ते चूक तर आहेच, शिवाय घातक आहे. नैराश्याने खचलेल्या माणसाला अशा उपदेशाने बरं वाटलं नाही की तो त्याचाही दोष स्वतःकडेच घेतो.

या उपचाराचे जनक ॲरन बेक हे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ, मूळचे मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हा फ्रॉइडप्रणीत सिद्धान्त पुराव्यानिशी पक्का करायला ते निघाले होते. रुग्णांच्या स्वप्नांत मात्र त्यांना राग सापडला नाही; सापडलं ते हरणं आणि नाकारलं जाणं. तिथून 1960च्या दशकात त्यांनी जी पद्धत घडवली तिचा गाभा तपासणी हा आहे. ‘मी कुचकामी आहे’ हे रुग्णाचं म्हणणं खोडायचं नाही आणि मान्यही करायचं नाही. पुरावा काय, ते दोघांनी मिळून पाहायचं. परिस्थिती खरोखर वाईट निघाली तर ती तशीच मान्य करून पुढचा मार्ग शोधायचा. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचे झालेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याहून परखड होते. वाईट घडणार नाही, असा दिलासा ते देत नसत. घडलं तर ते असह्यच असेल असं कशावरून, हा त्यांचा प्रश्न असे.

पॅनिक अटॅकचा उपचार पाहिला की फरक डोळ्यांसमोर येतो. छातीत धडधडतं, ‘आता हार्ट अटॅक येणार’ असं वाटतं, त्या भीतीने धडधड आणखी वाढते. ईसीजी नॉर्मल आलेला असतो, डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलेलं असतं, तरी माणूस लोकलमध्ये दाराजवळच उभा राहतो, पाण्याची बाटली हातातून सोडत नाही, जिने टाळतो. अटॅक येऊन गेला की श्रेय बाटलीला मिळतं आणि भीती शाबूत राहते. अशा वेळी चांगला थेरपिस्ट ‘घाबरू नका’ म्हणत बसत नाही. तो आधी वहीत लिहायला लावतो: धडधड वाढली तर नेमकं काय होईल, आणि त्याची खात्री किती टक्के? मग मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला किंवा जिना धावत चढायला लावतो, बाटली बाजूला ठेवून. धडधड वाढते, भीती वाटते आणि काही वेळाने दोन्ही ओसरतात. वहीतलं भाकीत चुकलेलं असतं. हे त्याला स्वतःच्या शरीराने दाखवलेलं असतं, म्हणून ते पटतं.

पूर्वपक्षाला सर्वांत सबळ उत्तर गोव्यात मिळालं. ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित संशोधकांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर केलेला अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उपचार देणारे डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि भर सीबीटीच्या वर्तनाच्या अंगावर: दिवस कसा जातो ते पाहायचं, सुटलेली कामं आणि भेटीगाठी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या, अडचणी सोडवायच्या. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत थांबायचं नाही. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण नैराश्याच्या ठरावीक पातळीखाली आले होते. नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात 39 टक्के. विचार बदलल्याशिवाय माणूस हलत नाही, हे गृहीतक इथे टिकत नाही. अमेरिकेत नील जेकबसन यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं की उपचाराचा केवळ हा वर्तनाचा भाग दिला तरी परिणाम संपूर्ण उपचाराइतकाच होतो. बेक यांच्या सिद्धान्ताला हा धक्काच होता, आणि तो मान्य करायला हवा.

मग उपयोग किती? नैराश्यावरच्या 409 चाचण्यांचा आढावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीटी घेतलेल्यांपैकी 42 टक्क्यांची लक्षणं निम्म्याने तरी कमी झाली, न घेतलेल्यांपैकी 19 टक्क्यांची. म्हणजे फायदा ठोस आहे, पण अर्ध्याहून अधिक रुग्णांना तेवढा झाला नाही. इतर मानसोपचारांपेक्षा सीबीटी नैराश्यात फारशी सरसही ठरली नाही. तिची खरी जमेची बाजू उपचार संपल्यावर दिसते: स्टीव्हन हॉलन यांच्या 2005च्या अभ्यासात बरे झालेल्यांपैकी गोळ्या थांबवलेल्या 76 टक्के रुग्णांना वर्षभरात नैराश्य परतलं, सीबीटी संपवलेल्या 31 टक्क्यांना. यावरून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत; बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत तर औषध हाच मुख्य आधार असतो.

‘दोन वेळा जाऊन आलो, पॉझिटिव्ह राहा म्हणाले, काही फरक नाही’ असं सांगणाऱ्याने सीबीटी घेतलेलीच नसते. ती घेतली असती तर त्याच्या हातात वही आली असती, आठवड्याचा गृहपाठ मिळाला असता, पुढच्या भेटीत आधी त्या गृहपाठाची चौकशी झाली असती आणि लक्षणं किती कमी झाली ते मोजलं गेलं असतं. यातलं काहीच झालं नसेल, तर उपचार निरुपयोगी ठरवण्याआधी त्याने दुसरा थेरपिस्ट शोधावा.