प्रोग्रामरांच्या म्हणी आणि विंचूरचा कांदा

प्रत्येक जुन्या धंद्याच्या स्वतःच्या म्हणी असतात. सॉफ्टवेअर लिहिण्याचा धंदा जेमतेम पाऊणशे वर्षांचा, तरी त्यातही म्हणी तयार झाल्या. ‘नियम’ या भारदस्त नावाने त्या ओळखल्या जातात आणि बहुतेकींचा जनक व जन्मवर्ष ठाऊक असते. ब्रुक्सचा नियम, कॉनवेचा नियम, टेक्निकल डेट हे शब्द पुण्याच्या हिंजवडीपासून अमेरिकेपर्यंत कुठल्याही कार्यालयात कानावर पडतात.

यातल्या फारच थोड्या म्हणी यंत्राबद्दल आहेत. बाकीच्या माणसाबद्दल आहेत: त्याचा वेळ कुठे जातो, तो अंदाज का चुकवतो, आकडा हातात आला की काय विसरतो. त्यामुळे संगणक न शिकलेल्या वाचकालाही त्या समजू शकतात. त्या समजून घ्यायला नाशिक जिल्ह्यातले विंचूर हे सोयीचे ठिकाण आहे.

निफाड तालुक्यातले हे गाव नाशिकहून येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पेशवाईत ते सरदार विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव म्हणून ओळखले जाई. आज लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आणि औद्योगिक वसाहतीतला वाइन पार्क ही त्याची ओळख आहे. कांदा आणि द्राक्षे पिकवणाऱ्या या पट्ट्यातल्या अनेक घरांत एक जण शेतीत, तर दुसरा पुण्या-मुंबईत किंवा परदेशात संगणकावर असतो. दोघांच्या कामाची तुलना केली तर या म्हणींचा अर्थ लवकर लागतो.

ब्रुक्सचा नियम: माणसे वाढवून वेळ वाचतोच असे नाही

फ्रेडरिक ब्रुक्स हे आयबीएम कंपनीत सिस्टिम/३६० या संगणकाच्या कार्यप्रणालीचे काम पाहत होते. ते काम लांबत गेले, माणसे वाढवली, तरी उशीर टळला नाही. या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. त्यातला निष्कर्ष असा: आधीच रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे नेमली, तर तो आणखी रेंगाळतो.

विंचूरच्या शेतकऱ्याला हे पहिल्यांदा पटणार नाही. उन्हाळ कांद्याची काढणी आली आणि आभाळ भरून आले, तर तो मजुरांची दुसरी टोळी बोलावतो आणि काम खरोखर निम्म्या वेळात उरकते. कारण काढणी वाटून देता येते. या सरीवरच्या मजुराला त्या सरीवरच्या मजुराशी बोलावे लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला जोडायचा असतो. पाच जणांच्या गटात दोघादोघांच्या बोलण्याच्या १० जोड्या होतात. दहा जण झाले की ४५. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्याचा वेळ जातो तो वेगळाच. लागवडीनंतर कांदा पोसायला साधारण चार महिने लागतात. शेतात मजूर दुप्पट उभे केले म्हणून तो दोन महिन्यांत पोसत नाही. कोणते काम काढणीसारखे आणि कोणते पोसण्यासारखे, हे आधी ओळखावे, एवढेच ब्रुक्स सांगतात. आपला नियम हे ढोबळ सुलभीकरण आहे, हेही त्यांनी स्वतःच मान्य केले होते.

टेक्निकल डेट: घाईने घेतलेले कर्ज

ही कल्पना अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये मांडली. ते आर्थिक व्यवहारांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, म्हणून त्यांनी उपमाही कर्जाची घेतली. काम लवकर हातावेगळे करण्यासाठी थोडी कच्ची रचना चालवून घेणे हे कर्ज. लवकरच ती रचना नीट केली तर कर्ज फिटते. नाही केली, तर पुढच्या प्रत्येक बदलाला जास्त वेळ लागतो, हे त्याचे व्याज.

पीककर्ज काढणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: कर्ज वाईट नसते, थकलेले कर्ज वाईट असते. कांदाचाळीतही हेच घडते. घाईत नीट न वाळवलेला, न निवडलेला कांदा चाळीत भरला की त्या दिवशी काम संपल्यासारखे वाटते. दोन महिन्यांनी चाळ उघडल्यावर एका सडक्या कांद्याने आजूबाजूचे किती नासवले ते दिसते.

सॉफ्टवेअरच्या इतिहासातले याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘वायटूके’. जुन्या संगणकांत साठवणुकीची जागा महाग होती, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची पद्धत पडली. १९७० मध्ये ती काटकसर होती. २००० साल जवळ आले तेव्हा संगणकाला ‘००’ म्हणजे १९०० वाटेल, हे लक्षात आले आणि जगभर कोट्यवधी ओळी तपासाव्या लागल्या. त्या तपासणीचे मोठे काम भारतीय कंपन्यांना मिळाले. महाराष्ट्रातल्या अनेक तरुण अभियंत्यांची पहिली परदेशवारी दुसऱ्यांनी करून ठेवलेले हे कर्ज फेडण्यासाठीच होती.

कॉनवेचा नियम: संस्था जशी, तसे सॉफ्टवेअर

मेल्व्हिन कॉनवे यांचा लेख एप्रिल १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात आला. त्यांचे म्हणणे असे की कोणतीही संस्था जे काही रचते, त्यात तिच्या अंतर्गत संवादाचा आराखडा उमटतो. पुढे ब्रुक्स यांनी आपल्या पुस्तकात या विचाराला कॉनवेचे नाव दिले.

समजा, एखाद्या बाजार आवारासाठी सॉफ्टवेअर करायचे आहे. शेतकऱ्याची ट्रॉली फाटकातून आत येते, लिलावात भाव ठरतो, काट्यावर वजन होते, मग व्यापाऱ्याकडे हिशोबपट्टी होते. हे चार टप्पे सांभाळणारी माणसे एकमेकांशी बोलत नसतील, तर सॉफ्टवेअरचेही चार सुटे तुकडे होतील आणि शेतकऱ्याला आपले नाव चारदा सांगावे लागेल. त्याच्या दृष्टीने मात्र हा सगळा एकच व्यवहार असतो. अशा वेळी दोष प्रोग्रामरच्या कोडमध्ये शोधून सापडत नाही, कारण तो कार्यालयातल्या टेबलांच्या मांडणीत असतो.

गुडहार्टचा नियम: मोजमाप हेच ध्येय झाले की

हा नियम ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांचा, १९७५ चा. पण प्रोग्रामरांनी तो दत्तक घेतला आहे. एखाद्या मापालाच ध्येय बनवले की ते माप म्हणून निकामी होते, असा त्याचा प्रचलित आशय आहे.

१९८२ मध्ये ॲपल कंपनीत प्रत्येकाने आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या, हे एका फॉर्मवर भरून द्यायचे होते. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्र रेखाटण्याचा एक महत्त्वाचा भाग नव्याने लिहिला. तो सुमारे सहा पट वेगवान झाला आणि दोन हजार ओळींनी लहानही झाला. त्यांनी फॉर्मवर लिहिले: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो फॉर्म मागणेच बंद झाले.

शेतीतही असे होते. फक्त वजन वाढवायचे ठरवून नत्राची खते जास्त दिली आणि शेवटपर्यंत भरपूर पाणी दिले, तर कांदा मोठा दिसतो, पण चाळीत टिकत नाही. काट्यावर वजन कळते. चार महिन्यांनी त्यातले किती उरेल, हे काटा सांगत नाही. आज सॉफ्टवेअर कार्यालयांत ओळींऐवजी पूर्ण केलेली कामे किंवा ऑनलाइन दिसण्याचे तास मोजले जातात. माप बदलले, तरी धोका तसाच राहिला.

नावांबद्दलचे गैरसमज: रकान्याबाहेरचा माणूस

२०१० मध्ये पॅट्रिक मॅकेन्झी या जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकन प्रोग्रामरने नावांविषयी प्रोग्रामर बाळगत असलेल्या ४० गैरसमजांची यादी केली. प्रत्येकाचे एकच अधिकृत नाव असते, ते बदलत नाही, त्याचे दोनच भाग असतात, असे हे गैरसमज. एकेक वाचताना हसू येते, पण त्यांची किंमत माणसे मोजतात.

मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही. सातबाऱ्यावर ‘अशोक बाळू’, आधारवर ‘अशोक बाळासाहेब’ आणि पासबुकात आडनाव आधी. गावाला माणूस एकच आहे हे ठाऊक असते. संगणकाच्या लेखी ते तिघे असतात.

नावापुरतेच नाही, कुठल्याही रकान्याचे असेच होते. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात भाव कोसळले असताना विकलेल्या कांद्यासाठी राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीद्वारे कांद्याची नोंद असण्याची अट होती. मोबाइल ॲपवरची ही पाहणी राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेली. अनेकांनी ती नोंद केलेली नव्हती. बाजारातली विक्रीपट्टी हातात, कांदा सगळ्यांनी पाहिलेला, पण नोंदीत शेत रिकामे. अखेर नोंद नसलेल्यांसाठी गावपातळीवर पडताळणीचा मार्ग काढावा लागला. २०० क्विंटलच्या हिशेबाने एका शेतकऱ्याचे ७० हजार रुपये एका रकान्यावर अवलंबून होते. म्हणूनच अनुभवी प्रोग्रामर नवशिक्याला सांगतात की रकाना सक्तीचा करण्यापूर्वी, तो भरता न येणारा माणूस कोण असेल, याचा विचार करावा.

सलग वेळ: घरी आहे म्हणजे मोकळा नाही

पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये कामाच्या दोन वेळापत्रकांतला फरक मांडला. व्यवस्थापकाचा दिवस तासातासांचा असतो; एका तासात बैठक बसवली की झाले. घडवणाऱ्याचा, म्हणजे लेखकाचा किंवा प्रोग्रामरचा दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा असतो. दुपारी तीनची एक बैठक त्याच्या दुपारचे दोन तुकडे करते आणि दोन्ही तुकडे मोठ्या कामाला अपुरे पडतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरातले अनेक अभियंते गावच्या घरी परतले, तेव्हा हा फरक घरोघरी कळला. मुलगा दिवसभर घरात बसलेला दिसतो. मग जरा दुकानात जाऊन ये, पाहुण्यांना पाणी दे, गाडी वळवून लाव, असे त्याला सांगणे स्वाभाविक असते. पाच मिनिटांचे काम पाच मिनिटांतच होते, पण डोक्यात उभी केलेली रचना पुन्हा उभी करायला अर्धा तास जातो. घरच्यांना तो रागीट झाल्यासारखा वाटतो, त्याला घरच्यांना आपले काम हे काम वाटत नाही असे वाटते.

रात्रीचे गणित मात्र दोघांचे जुळते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा विंचुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. परदेशी ग्राहकाशी बोलणे तेव्हा सुरू होते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की भाऊ बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघतो. दुसऱ्याच्या वेळापत्रकाने जागे राहणे या घराला नवीन नव्हते.

या म्हणी कितपत खऱ्या?

या नियमांना भौतिकशास्त्राच्या नियमांसारखे सिद्ध झालेले समजू नये. ती अनुभवी लोकांची निरीक्षणे आहेत. त्यांचा दुरुपयोगही होतो: आळस लपवायला ‘सलग वेळ’ पुढे करता येतो, माणसे नेमण्याचा खर्च टाळायला ब्रुक्सचा दाखला देता येतो, मागच्याने केलेले सगळेच ‘टेक्निकल डेट’ म्हणून मोडीत काढता येते.

त्यांचा खरा उपयोग निर्णयाआधी थांबून प्रश्न विचारण्यात आहे. हे काम वाटून देता येईल का? आज वाचवलेला वेळ उद्या कोण फेडणार? आपण जे मोजतो आहोत, तेच आपल्याला हवे आहे का? या रकान्यात कोण बसणार नाही? हे प्रश्न संगणकासमोर बसलेल्याला जेवढे लागू पडतात, तेवढेच कांद्याची ट्रॉली घेऊन लिलावाच्या रांगेत उभे असलेल्यालाही.