सर्वश्रेष्ठ कोण? मिशिगन, ओहायो स्टेट आणि शतकभराचा वाद

१/१२
अमेरिकेत नोव्हेंबरअखेरचा शनिवार जवळ आला, की मिशिगन आणि ओहायो या शेजारी राज्यांत एक जुना वाद नव्याने पेटतो. मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्या फुटबॉल संघांतला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणता? हार्ली, हार्मन, ग्रिफिन की वुडसन? या वादाचा इतिहास पाहिला, तर प्रश्नाचेच स्वरूप बदलते.

२/१२
हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात किंवा सहकाऱ्याकडे फेकतात. तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला, की सहा गुणांचा ‘टचडाउन’ होतो. धावलेले अंतर यार्डांत मोजले जाते. खेळाडू विद्यार्थी असल्याने कारकीर्द जेमतेम तीन-चार वर्षांची. १९३५ पासून वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला हाइझमन ट्रॉफी दिली जाते.

३/१२
दोन्ही संघ प्रथम १८९७ साली भेटले. मिशिगनने तो सामना ३४-० असा जिंकला. त्यानंतर १९१८ पर्यंत ओहायो स्टेटला मिशिगनवर एकही विजय मिळाला नाही. फार तर दोन सामने बरोबरीत सुटले. बलाढ्य मिशिगनच्या दृष्टीने ही स्पर्धा नव्हतीच. ती स्पर्धा झाली चिक हार्ली नावाच्या एका सडपातळ मुलामुळे.

४/१२
कोलंबस शहरात वाढलेला हार्ली १९१६, १९१७ आणि १९१९ असे तीन हंगाम खेळला. मधले वर्ष पहिल्या महायुद्धामुळे सैन्यात गेले. १९१९ साली मिशिगनच्याच मैदानावर त्याने ४२ यार्ड धावून टचडाउन केला आणि प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले चार चेंडू मधेच झेलले. ओहायो स्टेटचा १३-३ असा विजय झाला. मिशिगनवरचा हा त्यांचा पहिला विजय. तीन हंगामांत हार्लीचा संघ केवळ एक सामना हरला.

५/१२
हार्लीला पाहण्यासाठी लोटणारी गर्दी जुन्या मैदानात मावेना. मग लोकवर्गणीतून मोठा निधी उभा राहिला आणि १९२२ साली भव्य ओहायो स्टेडियम उघडले. लोक त्याला ‘हार्लीने बांधलेले घर’ म्हणू लागले. उद्घाटनाच्या सोहळ्याला पाहुणा म्हणून मिशिगनचा संघ आला आणि १९-० असा जिंकून गेला!

६/१२
हार्लीचे पुढचे आयुष्य करुण आहे. ऐन तारुण्यात त्याला गंभीर मानसिक आजाराने गाठले आणि आयुष्याची अनेक दशके त्याने इलिनॉय राज्यातील डॅनव्हिल येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काढली. १९४८ साली तो कोलंबसला आला, तेव्हा शहराने त्याची मिरवणूक काढली. त्याला खेळताना पाहिलेली पिढी तेव्हा हयात होती. त्याच्या काळी हाइझमन ट्रॉफीच नव्हती. त्यामुळे आजच्या याद्यांत त्याचे नाव अनेकदा खाली सरकते.

७/१२
मिशिगनचे उत्तर म्हणजे टॉम हार्मन. नोव्हेंबर १९४० मध्ये कोलंबसला त्याने तीन टचडाउन स्वतः केले, दोन सहकाऱ्यांकडून करवले, वर लाथेने चार गुण मिळवले. मिशिगन ४०-० असा जिंकला. तो मैदान सोडू लागला, तेव्हा ओहायो स्टेटच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी त्याला हाइझमन मिळाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक झाला आणि दोनदा विमान कोसळूनही वाचला.

८/१२
इथे नियम लक्षात घ्यावे लागतात. हार्ली-हार्मनच्या काळी खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती. त्यामुळे तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. १९६० च्या दशकाच्या मध्यास ही बंधने उठली आणि दोन्ही कामांसाठी वेगळे तज्ज्ञ आले. १९७२ पासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मुख्य संघात खेळण्याची मुभा मिळाली.

९/१२
नेमक्या त्याच वर्षी कोलंबसचाच आर्ची ग्रिफिन ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला. दुसऱ्याच सामन्यात तो २३९ यार्ड धावला. चार वर्षांत ५,५८९ यार्ड, शिवाय १९७४ आणि १९७५ अशा सलग दोन हाइझमन. दोनदा हा मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. मिशिगनकडून तो कधी हरला नाही: तीन विजय, एक बरोबरी. मात्र सलग ३१ सामन्यांत शंभर यार्ड गाठण्याची त्याची मालिका १९७५ साली मिशिगननेच ४६ यार्डांवर रोखून तोडली.

१०/१२
मिशिगनचे पुढचे दोन हाइझमन विजेते मूळचे ओहायोचे! क्लीव्हलंडच्या डेस्मंड हॉवर्डने १९९१ साली ओहायो स्टेटविरुद्ध ९३ यार्ड धाव घेऊन ट्रॉफीवरील पुतळ्याची मुद्रा करून दाखवली. फ्रेमाँटचा चार्ल्स वुडसन १९९७ साली हाइझमन जिंकणारा पहिला प्रामुख्याने बचावपटू ठरला. तो अधूनमधून चढाईतही उतरे. त्याच्या रूपाने हार्लीच्या काळचा खेळ पुन्हा दिसला.

११/१२
या वादात एक नाव बहुधा येतच नाही. मिशिगनचा कृष्णवर्णीय खेळाडू विलिस वॉर्ड. १९३४ साली दक्षिणेकडील जॉर्जिया टेकच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि मिशिगनने स्वतःच्याच खेळाडूला बाहेर बसवले. जो मैदानावर उतरूच शकला नाही, त्याचे यार्ड कुठल्या तक्त्यात मोजणार?

१२/१२
आकड्यांच्या कसोटीवर ग्रिफिन श्रेष्ठ ठरतो. पण त्याला चौथे वर्ष मिळाले ते नियमामुळे. हार्लीला ते मिळाले नाही, आणि होत्या त्यातही युद्धाचा खंड पडला. इतिहासाच्या कसोटीवर हार्लीचे पारडे जड आहे, कारण जी स्पर्धा नव्हतीच ती त्याने उभी केली. बाकीचे सारे त्या स्पर्धेत खेळले. एप्रिल १९७४ मध्ये हार्लीचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रिफिनला पहिली हाइझमन मिळाली.

तुमचे मत कोणाला? कारणासह जरूर सांगा. (समाप्त)