स्प्रिंगवर लिहिलेलं वजन

माउंटन बाइकच्या मागच्या शॉकवर जी जाडजूड स्प्रिंग असते, तिच्यावर एक आकडा छापलेला असतो. माझी सायकल मी दुकानातून आणली तेव्हा तो ४०० होता. याचा अर्थ, ती स्प्रिंग एक इंच दाबायला ४०० पौंड जोर लागतो. रंग, स्टिकर, कंपनीचं नाव हे सगळं बाजूला ठेवा. त्या आकड्यात एक माणूस बसलेला असतो. माझ्या सायकलीचं मागचं चाक १६० मिलिमीटर वर-खाली होतं आणि त्यासाठी शॉक ६५ मिलिमीटर दबतो. स्वार नुसता बसला की शॉकने साधारण तीस टक्के खचावं, अशी अपेक्षा असते. या खचण्याला सॅग म्हणतात. उलटं गणित मांडलं की कळतं, ४०० ची स्प्रिंग हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी धरून ८५-८७ किलोंच्या माणसासाठी आहे. मी सगळ्या सरंजामासकट ५९ भरते.

आता हे पंक्चर काढायच्या दुकानात सांगितलं तर कुणीही म्हणेल, मग स्प्रिंग बदल की! बदलता येते. पण हा प्रश्न मुळात आला कुठून, ते बघण्यात मला जास्त रस वाटला. कारण सायकलीच्या इतिहासात पोलादाची स्प्रिंग एकदा नव्हे, दोनदा हवेकडून हरलेली आहे. आणि दुसऱ्या वेळी ती परत आली.

पहिली हार फार जुनी. १८८५ साली लंडनच्या लिनली अँड बिग्ज या कंपनीने ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. तेव्हा चाकांना भरीव रबर असे आणि रस्ते दगडी. व्हिपेटची युक्ती अशी की सीट, हँडल आणि पेडल या तिघांमधलं अंतर कायम राहायचं, आणि हे तिन्ही मिळून एका मजबूत स्प्रिंगच्या आधाराने उरलेल्या सांगाड्यापासून वेगळे झुलायचे. आजचा सायकल-डिझायनरही याच प्रश्नाशी झटतो: चाक हलू दे, पण पाय आणि पेडल यांचं नातं बिघडू नको दे. म्हणजे व्हिपेटवाल्यांना खरा प्रश्न बरोबर कळला होता. पण तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधल्या जॉन बॉयड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीला हवेची ट्यूब बसवली. १८८९ मध्ये विली ह्यूमने त्या टायरांवर बेलफास्टला शर्यती जिंकल्या आणि विषय संपला. जे काम करायला किलोभर लोखंड, सांधे आणि स्प्रिंग लागत होती, ते रबराच्या नळीत भरलेली हवा फुकटात करू लागली. स्प्रिंगवाल्या सायकली जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

मधली शंभर वर्षं स्प्रिंग मोटारसायकलीच्या घरी राहिली. तिथे तिचं शिक्षण झालं असं म्हणायला हरकत नाही. स्प्रिंग एकटी काही कामाची नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ती दणका गिळते आणि लगेच परत ओकते. तो परतीचा झटका आवरायला तेलाने भरलेला डँपर लागतो. दट्ट्या तेलातून सरकतो, बारीक छिद्रांतून तेल वाहतं, जोराची उष्णता होते. आपल्याकडे गॅरेजवाला या सगळ्या जोडणीला मिळून ‘शॉकअप’ म्हणतो. लुसिएन टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरने मागच्या दोन शॉकअपच्या जागी सीटखाली एकच लांब शॉक बसवला. यामाहाने ती कल्पना विकत घेतली आणि १९७३ मध्ये हॉकन अँडरसनने तिच्या जोरावर मोटोक्रॉसचं २५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. पुण्यात बाइक घेताना आपण ‘मोनोशॉक आहे का?’ म्हणून विचारतो, त्या शब्दाचा उगम हा.

त्याच काळात कॅलिफोर्नियात माउंटन बाइक जन्माला येत होती, पण तिला शॉक नव्हताच. मरीन काउंटीतली ‘रीपॅक’ची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर उतार, आणि सायकली श्विन कंपनीच्या जुन्या, जड, फुग्या टायरांच्या. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा भरावा लागायचा, म्हणून नाव ‘रीपॅक’. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही नावं तिथली. या लोकांचे गुडघे आणि कोपर हाच त्यांचा शॉकअप.

१९८९ मध्ये पॉल टर्नरच्या रॉकशॉक्सने पुढचा फोर्क आणला, तोही हवा आणि तेलाचा. पुढच्याच वर्षी ड्युरँगोला झालेल्या पहिल्या अधिकृत विश्वस्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सचा फोर्क लावून डाउनहिल जिंकली. पुढचा प्रश्न सुटला, मागचा नाही. मागे शॉक लावला की पेडल मारताना सायकल घोड्यासारखी डुलते आणि ताकद वाया जाते. सुरुवातीच्या काही वर्षांत रबरासारख्या पदार्थाचे ठोकळे वापरून बघितले; थंडीत ते दगड व्हायचे.

उत्तर घेऊन आले ते मोटारसायकलवाले. मर्ट लॉविल हा १९६९ चा अमेरिकन ग्रँड नॅशनल विजेता. त्याने गॅरी फिशरसाठी मागचं सस्पेन्शन आखलं. हॉर्स्ट लाइटनर ऑस्ट्रियाचा, स्वतः मोटोक्रॉस खेळलेला. त्याने मागच्या चाकाच्या आसापुढे, खालच्या नळीवर एक सांधा घातला. आज त्याला ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणतात. १९९८ मध्ये स्पेशलाइज्डने त्याची पेटंटं विकत घेतली. एका सांध्यासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण त्या सांध्यामुळे ब्रेक दाबला तरी चाक वर-खाली व्हायला मोकळं राहतं. खडकाळ उतारावर ब्रेक दाबत उतरलेल्या कुणालाही याची किंमत विचारा.

मग नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध, डाउनहिलचा सुवर्णकाळ. सायकली जड झाल्या आणि मागचा शॉक म्हणजे स्प्रिंग हे समीकरण ठरून गेलं. फॉक्स कंपनीच्या स्प्रिंगवाल्या शॉकचं नाव ‘व्हॅनिला’ होतं. यातली गंमत अशी की बॉब फॉक्सने १९७४ मध्ये धंदा सुरू केला, तेव्हा त्याचं नाव झालं ते मोटोक्रॉसच्या हवेच्या शॉकमुळे. त्याच्या हवेच्या शॉकवर १९७६ मध्ये केंट हॉवर्टनने अमेरिकेचं ५०० सीसीचं विजेतेपद जिंकलं होतं. या गोष्टीत कुणीच कायमचं हवेच्या किंवा पोलादाच्या पक्षात नाही.

या काळाबद्दल बोलताना पुरुष शर्यतपटूंचीच नावं घेतली जातात. फ्रान्सच्या निकोला व्हुईयोने मोठ्यांच्या गटात सात विश्वविजेतेपदं मिळवली, आणि ती मोठीच कामगिरी आहे. पण त्याच देशाच्या अ‍ॅन-कॅरोलिन शॉसाँने १९९६ ते २००३ सलग आठ आणि २००५ मध्ये नववं मिळवलं. म्हणजे त्या दशकात डोंगर उतरण्यात सगळ्यात जास्त वेळा पहिली आलेली व्यक्ती बाई होती. संघाच्या मेकॅनिककडे स्प्रिंगांचा खोका असतो. स्वाराचं वजन, उतार, पाऊस बघून तो एक काढून दुसरी चढवतो. दुकानातून सायकल घेणाऱ्याला मात्र एकच स्प्रिंग मिळते, आणि ती कुणासाठी निवडायची हे तिला न बघता ठरलेलं असतं.

हवेचा शॉक दुसऱ्यांदा जिंकला तो इथे. वजन कमी हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पोलादी स्प्रिंग एकटीच चार-पाचशे ग्रॅम सहज भरते. पण मला दुसरं कारण मोठं वाटतं. हवेच्या शॉकला छोटा पंप लावायचा, दाब कमी-जास्त करायचा, झालं. पन्नास किलोंची मुलगी आणि शंभर किलोंचा बाप्या एकाच शॉकवर बसू शकतात. शिवाय हवा जसजशी दबते तसतशी जास्तच कडक होत जाते, त्यामुळे मोठ्या उडीनंतर शॉक तळाला आपटत नाही. पोलाद सरळमार्गी. रॉबर्ट हुकने सतराव्या शतकात सांगितलं तसं, जेवढा जोर तेवढीच दब, पहिल्या इंचाला आणि शेवटच्या इंचालाही. २०१० नंतर डाउनहिलच्या शर्यतींतही हवेचे शॉक नेहमीचे झाले.

मग स्प्रिंग परत का आली? २०१३ मध्ये एंड्युरोची जागतिक मालिका सुरू झाली. दिवसभर स्वतः चढायचं आणि लांबच लांब उतारांवर वेळ मोजायची. लांब उतारावर हवेचा शॉक तापतो आणि आतला दाब वाढतो. शिवाय हवा अडवायला घट्ट सील लागतात, आणि घट्ट सील म्हणजे घर्षण. छोट्या मुळ्यांवर, खड्यांवर शॉक हलायच्या आधी क्षणभर अडतो. स्प्रिंगला हवा अडवायचीच नसते, म्हणून ती लगेच हलते. दरम्यान डँपरही सुधारले होते. केन क्रीकने स्वीडनच्या ओह्लिन्सबरोबर काढलेल्या ‘डबल बॅरल’मध्ये दबणं आणि परतणं, दोन्ही मंद आणि वेगवान हालचालींसाठी वेगवेगळं जुळवता यायचं. आणि सांगाड्यांची रचनाच अशी होऊ लागली की चाक वर जाईल तसं ते दाबणं जड व्हावं. हवेत जो गुण आपोआप होता, तो आता सांध्यांच्या भूमितीत आला.

याच काळातली एक शर्यत मी पुन्हा पुन्हा बघते. जून २०१५, ऑस्ट्रियातलं लिओगँग. ॲरन ग्विनची साखळी सुरुवातीलाच तुटली आणि तो पेडल न मारता, नुसता उतार वापरत अख्खी शर्यत जिंकला. मागे ओह्लिन्सचा स्प्रिंगवाला शॉक होता. साखळी नसली की तिचा ताण मागच्या सस्पेन्शनला ओढत नाही, चाक जास्त मोकळं हलतं. शर्यत त्यामुळे जिंकली असं मी म्हणणार नाही. ती त्याच्या नजरेने आणि ब्रेक न दाबण्याच्या हिंमतीने जिंकली.

मी व्हँकूव्हरच्या उत्तरेला नॉर्थ शोअरच्या डोंगरांवर सायकल चालवते. इथली जमीन म्हणजे ओली मुळं, काळे दगड आणि लाकडी शिड्या, स्प्रिंगसाठीच केल्यासारखी. ४०० च्या स्प्रिंगवर मी बसले की शॉक १३ मिलिमीटर खचायचा, म्हणजे वीस टक्के. मुळांवरून जाताना मागचं चाक जमिनीला चिकटायच्या ऐवजी टणाटण उडायचं, आणि उतरल्यावर पोटऱ्या नाही, कंबर दुखायची. वर दिलेलं गणित माझ्या वजनाला लावलं की उत्तर येतं २७०. जवळची स्प्रिंग २७५. दुकानात ३५० च्या खाली काही नव्हतं. काउंटरवरचा मुलगा अगदी आदराने म्हणाला, ‘‘तुमच्यासाठी हवेचा शॉकच बरा.’’ सल्ला म्हणून तो चुकीचा नव्हता. पण मला मुळांवर चिकटणारं चाक हवं होतं, आणि ते हलक्या माणसालाही हवं असू शकतं.

स्प्रिंग मागवली, पाच आठवड्यांनी आली. तिने निम्मं काम झालं. मऊ स्प्रिंग हळू परतते, आणि डँपर जड स्प्रिंगला आवरायला बेतलेला. परतीची कळ पूर्ण उघडली तरी शॉक आळसासारखा वर यायचा. लागोपाठ चार मुळं आली की तो प्रत्येक मुळाला थोडा अजून खाली बसायचा. हलके स्वार जिथे भेटतात तिथे ही तक्रार निघतेच. शेवटी एका शॉक दुरुस्त करणाऱ्याने डँपर उघडून आतल्या पातळ चकत्यांची रास बदलली, म्हणजे तेल सहज वाहू लागलं. स्प्रिंग आणि मजुरी मिळून हा खर्च ८७ किलोंच्या माणसाला येत नाही.

आता सॅग मोजला तर २९-३० टक्के येतो. हल्ली प्लास्टिकची कडी फिरवून कडकपणा थोडा बदलता येणारी स्प्रिंगही मिळते, आणि शेवटी शेवटी कडक होत जाणारीही. माझी ४०० ची जुनी स्प्रिंग मी विकायला काढली, आणि दोन दिवसांत गेली. घेणारा सहा फुटी होता. सायकलीला लावली, वर बसला, म्हणाला, बरोबर आहे.