पिनी घराणे (नेव्हिस)

पिनी घराणे हे वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर उसाचे मळे बाळगणारे एक इंग्रज घराणे होय. इ.स. १६८५ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेमुळे हद्दपार झालेल्या ॲझरायाह पिनी याच्यापासून या घराण्याचा बेटाशी संबंध सुरू झाला. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकला. माउंट्रॅव्हर्स हा घराण्याचा प्रमुख मळा होता. पुढे ब्रिस्टल शहरात स्थायिक होऊन या घराण्याने साखरेचा व्यापार आणि मळेमालकांना कर्ज देण्याचा व्यवसाय केला.

पिनी हे काही वेस्ट इंडीजमधील सर्वांत श्रीमंत मळेमालक नव्हते. तरीही वसाहतकालीन इतिहासाच्या अभ्यासात त्यांना विशेष स्थान आहे, ते त्यांच्या कागदपत्रांमुळे. खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, हिशेबवह्या आणि पत्रव्यवहार यांचा मोठा संग्रह टिकून राहिल्यामुळे एका मळेमालक घराण्याची संपत्ती कशी उभी राहिली आणि वारसांकडे कशी गेली, हे पिढीगणिक दाखवता येते. या घराण्याने गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांविषयी आज जे थोडेबहुत सांगता येते, तेही मुख्यतः याच कागदांतून हाती लागले आहे.

पार्श्वभूमी

नेव्हिस हे सुमारे ९३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य बेट असून ते आज सेंट किट्स आणि नेव्हिस या देशाचा भाग आहे. इंग्रजांनी तेथे १६२८ मध्ये वसाहत केली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखूची जागा उसाने घेतली आणि आफ्रिकेतून बळजबरीने आणलेल्या माणसांच्या श्रमावर बेटाची अर्थव्यवस्था उभी राहिली. साखरेच्या मळ्याला जमिनीबरोबरच घाणा, काहिलींचे घर, जनावरे आणि मोठे मनुष्यबळ लागे. त्यामुळे मळा हा जवळजवळ नेहमीच कर्जावर चाले. कर्ज म्हटले की गहाणखत आले, आणि मालक मेला की मृत्युपत्र आले. या घराण्याच्या इतिहासाची साधने अशी व्यवहाराच्या गरजेतून निर्माण झाली आहेत.

घराण्याचा इतिहास

ॲझरायाह पिनी

ॲझरायाह पिनी (१६६१–१७२०) हा डॉर्सेट परगण्यातील बेटिसकोम येथील जॉन पिनी या धर्मोपदेशकाचा मुलगा. १६८५ मध्ये ड्यूक ऑफ मॉनमथ याने राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध बंड केले, त्यात ॲझरायाह सामील झाला. न्यायाधीश जेफ्रीज याच्या न्यायासनासमोर त्याला देहदंड झाला, परंतु कुटुंबाने ६५ पौंड खंडणी भरल्यावर ती शिक्षा हद्दपारीत बदलली. नेव्हिसवर त्याने आडत, लेसचा व्यापार आणि इतरांच्या मालमत्तेची देखरेख यांपासून सुरुवात केली. लंडनमध्ये लेसचा व्यापार करणारी त्याची बहीण हेस्टर हिचे या काळात त्याला साहाय्य होते. थकलेल्या कर्जांच्या वसुलीतून आणि खरेदीतून त्याच्याकडे जमीन जमत गेली.

दुसरी व तिसरी पिढी

ॲझरायाहचा मुलगा जॉन याने मेरी हेल्म या वारसदार स्त्रीशी विवाह केला आणि त्यामुळे घराण्याच्या जमिनीत मोठी भर पडली. जॉन नेव्हिसचा मुख्य न्यायाधीश झाला, मात्र १७२० मध्ये, म्हणजे वडिलांच्याच मृत्यूच्या वर्षी, त्याचाही मृत्यू झाला. मालमत्ता त्याचा अल्पवयीन मुलगा जॉन फ्रेडरिक पिनी (१७१८–१७६२) याच्याकडे आली. जॉन फ्रेडरिकने आयुष्याचा बराच काळ इंग्लंडमध्ये घालवला. १७४७ ते १७६१ या काळात तो ब्रिडपोर्टचा संसद सदस्य होता. बेटावर न राहता बेटाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या मळेमालकांचे तो एक उदाहरण होय.

जॉन प्रेटर पिनी

जॉन फ्रेडरिक अविवाहित वारला. त्याच्या मृत्युपत्रानुसार मालमत्ता जॉन प्रेटर (१७४०–१८१८) या नातेवाइकाकडे गेली आणि वारसा स्वीकारताना प्रेटरने पिनी हे आडनाव घेतले. रक्ताचा थेट वंश खुंटला तरी घराण्याचे नाव जमिनीबरोबर पुढे चालले, ते यामुळे.

जॉन पिनी १७६४ मध्ये नेव्हिसला गेला. माणसांची विक्री प्रथम पाहून आपल्याला धक्का बसला, असे त्याने पत्रात लिहिले आणि त्याच पत्रात ही ईश्वराचीच योजना असावी, असे समर्थनही केले. नंतर त्याने स्वतः माणसे विकत घेतली. १७७२ मध्ये त्याने जेन वीक्स हिच्याशी विवाह केला. मळ्याची घडी बसवून तो १७८३ मध्ये इंग्लंडला परतला आणि जेम्स टोबिन याच्याबरोबर ब्रिस्टलमध्ये साखरेची पेढी काढली. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील त्याचे घर आज ‘जॉर्जियन हाउस’ संग्रहालय म्हणून ओळखले जाते. डॉर्सेटमधील त्याच्या रेसडाउन या घरात कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी १७९५ ते १७९७ या काळात राहत होती.

१८०८ मध्ये पिनीने माउंट्रॅव्हर्स एडवर्ड हगिन्स याला विकला. जमिनीबरोबर तेथील माणसेही विकली गेली. १८१० मध्ये हगिन्सने चार्ल्सटाउनच्या भर बाजारात गुलामांना क्रूरपणे फटके मारविले. त्याच्यावर खटला झाला, परंतु तो निर्दोष सुटला. पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीत या घटनेची वारंवार चर्चा झाली.

चार्ल्स पिनी

जॉनचा मुलगा चार्ल्स पिनी (१७९३–१८६७) याने पेढीचा कारभार पुढे चालवला. १८३१ च्या ब्रिस्टल दंगलीच्या वेळी तो शहराचा महापौर होता. कर्तव्यात कसूर केल्याच्या आरोपातून १८३२ मध्ये त्याची मुक्तता झाली. गुलामगिरी रद्द झाल्यावर मळेमालकांना मिळालेल्या नुकसानभरपाईच्या नोंदींत त्याचे नाव अनेक मळ्यांच्या संदर्भात येते.

इतिहासाची साधने

जमिनीचे दस्त

नेव्हिसवरील खरेदीखते आणि गहाणखते बेटाच्या दप्तरात नकलून ठेवली जात. जमिनीच्या चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांनी, रस्त्यांनी आणि पावसाळी ओढ्यांच्या घळींनी सांगितल्या जात. या घळींना स्थानिक उच्चारात ‘गट’ म्हणतात. त्याचे इंग्रजी वर्णलेखन मात्र जुन्या इंग्रजी कागदांतील आपल्या ‘घाट’ या शब्दाच्या वर्णलेखनासारखेच आहे. एका दस्तातील शेजारी हा दुसऱ्या दस्तातील मालक असतो. त्यामुळे लगतच्या जमिनींचे दस्त एकत्र वाचले असता मळ्याचा विस्तार कसा होत गेला हे कळते.

मळ्याच्या दस्तास पुष्कळदा पुरवणी यादी जोडलेली असे आणि तीत घाणा, तांब्याच्या काहिली, बैल व खेचरे यांच्या जोडीला माणसांची नावे असत. ब्रिटिश संसदेच्या १७३२ च्या कायद्याने वसाहतींतील जमिनी, घरे आणि गुलाम हे सारे कर्जाच्या वसुलीस पात्र ठरवले होते. गहाणखतात माणसांची नावे का येतात, याचा उलगडा या तरतुदीवरून होतो. गुलाम स्त्रियांना पुढे होणारी संततीही तारणात धरली जात असे.

मृत्युपत्रे व प्रोबेट

वसाहतीत मृत्युपत्र प्रमाणित करण्याचा अधिकार गव्हर्नरकडे असे. मात्र मृताची इंग्लंडमध्येही मालमत्ता असल्यास मृत्युपत्र सामान्यतः कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात प्रमाणित करून घ्यावे लागे. पिनींसारखी दोन्हीकडे मालमत्ता असलेली घराणी त्यामुळे लंडनच्या दप्तरात सापडतात. हे न्यायालय १८५८ च्या आरंभी बंद होऊन त्याचे काम दिवाणी न्यायालयाकडे गेले. त्याच्या नोंदवह्यांतील मृत्युपत्रांच्या नकला आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मळेमालकाच्या मृत्युपत्रात जमीन एकाला मिळे, पण तिच्या उत्पन्नावर अनेकांचा हक्क असे. विधवेला वर्षासन, मुलींना विवाहासाठी रकमा, धाकट्या मुलांना वाटे अशी ओझी मळ्यावर पडत. वारसाला ती फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागे, म्हणून मृत्युपत्रामागोमाग नवे गहाणखत सापडण्याची शक्यता बरीच असते.

गुलाम नोंदवह्या आणि नुकसानभरपाई

१८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर बेकायदा आयात ओळखता यावी, यासाठी वसाहतींत गुलामांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. नेव्हिसची पहिली नोंदवही १८१७ ची आहे. तीत मालकाचे नाव देऊन त्याखाली प्रत्येक व्यक्तीचे नाव, लिंग, वय, वर्ण आणि जन्म आफ्रिकेतील की बेटावरील, अशी माहिती असे.

१८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना मालकांच्या भरपाईसाठी २ कोटी पौंड मंजूर झाले. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. उलट शेतीतील मजुरांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले. भरपाईवर हक्क सांगताना सावकार गहाणखत पुढे करीत आणि वारस मृत्युपत्र. त्यामुळे या दाव्यांचे कागद जमिनीच्या व वारशाच्या दप्तरांना जोडणारा दुवा ठरतात. बेटावर न राहणारा चार्ल्स पिनी या कागदांत ठळकपणे दिसतो, तो मुख्यतः सावकार म्हणून.

खासगी कागद

पिनी घराण्याचे कागद ब्रिस्टल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत हिशेबवह्या, मळ्याच्या याद्या आणि पाठवलेल्या पत्रांच्या नकलांच्या वह्या येतात. सरकारी दप्तर व्यवहार झाल्याचे सांगते. तो का झाला, हे बहुधा या खासगी पत्रांतून कळते.

अभिलेखांच्या मर्यादा

१७०६ मध्ये फ्रेंचांनी नेव्हिसवर हल्ला करून बेट उद्ध्वस्त केले आणि ३,००० हून अधिक गुलामांना पळवून नेले. त्यात बेटाचे दप्तरही नष्ट झाले. त्यामुळे ॲझरायाहच्या पहिल्या वीस वर्षांसाठी इंग्लंडमधील कौटुंबिक पत्रांवरच भिस्त ठेवावी लागते.

नावांची पुनरावृत्ती ही दुसरी अडचण होय. या घराण्यात जॉन, जॉन फ्रेडरिक आणि ॲझरायाह ही नावे पुनःपुन्हा येतात. केवळ नावावरून व्यक्ती ठरवणे धोक्याचे असल्याने पत्नीचे नाव, साक्षीदार आणि जमिनीच्या चतुःसीमा ताडून पाहाव्या लागतात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्च या महिन्यांतील मृत्यूचे वर्ष आजच्या गणनेपेक्षा एकाने कमी लिहिलेले आढळते. मृत्युपत्र लिहिल्याची तारीख आणि ते प्रमाणित झाल्याची तारीख यांत कधीकधी अनेक वर्षांचे अंतर असते, तेही लक्षात घ्यावे लागते.

गुलामगिरीतील व्यक्तींचा माग

हे सर्व कागद मालकांनी मालकांसाठी लिहिले. त्यांत गुलामांना आडनाव नसते, पित्याचा उल्लेख क्वचितच येतो आणि नावही अनेकदा मालकानेच दिलेले असते. तरीही एकाच मळ्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या असता तीच व्यक्ती बालपणापासून वृद्धत्वापर्यंत ओळखता येते, आणि कधी तिची आई व भावंडेही सापडतात.

पेरो जोन्स याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७६५ मध्ये जॉन पिनीने बारा वर्षांच्या पेरोला त्याच्या नॅन्सी व शीबा या बहिणींसह विकत घेतले. पुढे पेरो त्याचा खासगी नोकर म्हणून ब्रिस्टलला गेला आणि १७९८ मध्ये वारला. ब्रिस्टल बंदरातील १९९९ मध्ये खुल्या झालेल्या पादचारी पुलाला ‘पेरोचा पूल’ असे नाव देण्यात आले आहे. माउंट्रॅव्हर्सवर १७६७ मध्ये जन्मलेल्या फॅनी कोकर हिला १७७८ मध्ये मुक्त करण्यात आले. तिने शिवणकाम शिकून पिनी कुटुंबात नोकरी केली. ब्रिस्टलमध्ये ती बॅप्टिस्ट मंडळीची सदस्य झाली आणि १८२० मध्ये मरण पावली. पेरोला मात्र असे मुक्तिपत्र मिळाल्याचे कागदांत आढळत नाही.

संशोधन

रिचर्ड पॅरिस या इतिहासकाराने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘अ वेस्ट-इंडिया फॉर्च्यून’ हा या घराण्यावरील पायाभूत ग्रंथ होय. त्याचा भर मळ्याच्या व पेढीच्या अर्थकारणावर आहे. डेव्हिड स्मॉल आणि क्रिस्टीन आइकेलमन यांनी पेरोचे चरित्र २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आइकेलमन यांनी १७३४ ते १८३४ या शतकात माउंट्रॅव्हर्सवर राहिलेल्या गुलामांची व्यक्तिशः माहिती संकलित केली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने २०१३ मध्ये भरपाईच्या दाव्यांची विदा सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून अशा घराण्यांचा शोध घेणे पुष्कळ सुलभ झाले आहे.

मॉरिशस आणि मराठी भाषक

१८३३ चा हाच कायदा हिंदी महासागरातील मॉरिशस या साखर उत्पादक वसाहतीलाही लागू होता, म्हणून तेथील मळेमालकांचे दावे त्याच दप्तरात आढळतात. गुलामगिरी संपत असताना तेथे १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरी परिसरातून गेलेले मराठी भाषक होते. या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. त्यांत मजुराच्या नावासोबत पित्याचे नाव, गाव आणि जात यांची नोंद असते. त्यामुळे मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना पूर्वजांचे मूळ गाव शोधता येते. नेव्हिसच्या नोंदवहीत मात्र परक्या भूमीतून आणलेल्या माणसाच्या गावाचा रकाना नव्हता. तिथल्या वंशजांचा शोध त्यामुळे बहुधा एखाद्या मळेमालकाच्या दस्तापाशी येऊन थांबतो.